पाव जड झाला तर झाला!

परवा रविवारी धाकट्या बहिणीकडे गेले होते. जाताना घरी भाजलेला कणकेचा पाव नेला. सकाळीच भाजलेला, फडक्यात गुंडाळलेला, अजून किंचित कोमट. बहिणीने कौतुकाने ताटात काढून ठेवला. भाच्याने तो उचलला, हातात तोलल्यासारखा केला आणि म्हणाला, "मावशी, हा पाव आहे की वीट? बांधकाम काढलंयस का?"

सगळे हसले. मीही हसले. पस्तीस वर्षं वर्गात काढलेल्या बाईला असल्या शेऱ्यांचं काही वाटत नाही. पण परत येताना रिक्षात मनात काहीतरी खुपत राहिलं. पाव जड झाला होता हे खरंच होतं, त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते माझ्याच एका वाक्याचं. भाचा हसल्याबरोबर मी घाईघाईने म्हणून गेले होते, "अरे, पुढच्या वेळी निम्मा मैदा घालीन हं."

का म्हटलं मी असं? कोणी मागितला होता मैदा? तेव्हापासून चार दिवस हाच विचार चालू आहे, म्हणून आज लिहायला बसले.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढे वाचायचं नाही त्यांची सुटका! कणकेचा पाव जड असतो आणि त्याने जड असावं. त्याची दुकानातल्या पावाशी तुलना करून आपण ओशाळायचं काही कारण नाही. आणि तो मऊ करण्यासाठी ज्या खटपटी आपण करतो, त्यात तो पाव करण्याचं मूळ कारणच निघून जातं.

आता सुरुवात कशी झाली ते सांगते. चार वर्षांपूर्वी आमच्या ह्यांची साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी मैदा बंद करायला सांगितला. आम्ही निश्चिंत होतो, कारण आमच्याकडे कित्येक वर्षं ब्राउन ब्रेडच येत होता. पांढऱ्या ब्रेडला आम्ही हातसुद्धा लावत नव्हतो. एका दुपारी सहज म्हणून पाकीट हातात घेतलं आणि भिंग लावून घटकांची यादी वाचली. पहिलं नाव मैद्याचं! गव्हाचं पीठ त्याच्या खाली, मग साखर, थोडा कोंडा आणि शेवटी शेवटी कॅरॅमल रंग. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असा नियम आहे. म्हणजे जे नाव पहिलं, ते सगळ्यात जास्त. तो तपकिरी रंग गव्हाचा नव्हताच, तो बराचसा तापवून काळ्या केलेल्या साखरेचा होता.

आयुष्यभर मुलांना सांगत आले, प्रश्न नीट वाचा आणि मग उत्तर लिहा. स्वतः मात्र पाकिटाचा पुढचा भाग वाचून उत्तर लिहून मोकळी झाले होते. बाजारात सगळेच ब्रेड असे असतात असं नाही. पहिलं नाव संपूर्ण गव्हाच्या पिठाचं असलेलेही मिळतात, फक्त मागची बाजू वाचायची सवय लावून घ्यावी लागते.

मुलीने दिवाळीला दिलेला ओव्हन घरात होता. त्यात वर्षातून एकदा नानकटाई होई आणि एरवी त्याच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा असे. म्हटलं, बघू या तरी. इंटरनेटवरची एक परदेशी कृती घेतली, तंतोतंत पाळली आणि जे बाहेर आलं त्याला भाचा वीटसुद्धा म्हणाला नसता. दगडच होता तो. सुरी टेकवली तर खण्ण आवाज! दुसरा तसाच, तिसरा वरून फुटलेला आणि आत चिकट. ह्यांनी तिन्ही बिनतक्रार खाल्ले, हे इथे नोंदवून ठेवते.

मग मी मास्तरकी वळणावर गेले आणि 'असं का' ते शोधायला लागले. गव्हाच्या दाण्याचे तीन भाग. बाहेरचा कोंडा साधारण १४ टक्के, अंकुर दोन-तीन टक्के आणि उरलेला ८३ टक्क्यांच्या आसपास पिठूळ गर. मैदा म्हणजे फक्त हा गर. पीठ भिजवून मळलं की त्यातल्या प्रथिनांची एक लवचीक जाळी तयार होते, तिला ग्लुटेन म्हणतात. यीस्ट जो वायू सोडतं तो या जाळीत अडकतो आणि पाव फुगतो. मैद्यात ही जाळी अखंड राहते. कणकेतल्या कोंड्याचे बारीक कण मात्र तिला जागोजागी कापतात, वायू निसटतो आणि पाव बुटका राहतो. शिवाय कोंडा पाणी भरपूर पितो, पण सावकाश पितो.

त्यात आपलं दळण निराळं. चक्कीच्या दगडांमध्ये गहू दाबला जातो, तापतो, त्याने पिठातल्या स्टार्चचे कण फुटतात आणि ते जास्त पाणी धरून ठेवतात. म्हणून तर आपली पोळी मऊ होते, डब्यात दुपारपर्यंत तशीच राहते. पोळीला जो गुण तोच पावाला थोडा अवगुण. परदेशी कृतीतलं पाणी आपल्या कणकेला पुरत नाही, ते यामुळेच.

आमच्याकडे वर्षाचा गहू लोकवनचा असतो. लोकवन म्हणजे कुठल्या तरी वनाचं नाव असेल असं मी कित्येक वर्षं समजत होते. हे 'वन' इंग्रजी आहे! ते 'लोक-१' नावाचं वाण, गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेलं. नानाभाई भट्टांनी १९५३ साली काढलेली, नई तालीमच्या वाटेने जाणारी ही संस्था. एका शिक्षणसंस्थेतून निघालेला गहू आपल्या घराघरात पोळी होऊन पोचला, हे कळल्यावर मला किती आनंद झाला म्हणून सांगू! असो. खपली गव्हाचाही पाव करून पाहिला. चव फार सुरेख, पण त्याची जाळी कमकुवत असल्यामुळे तो अजूनच बसका होतो.

आता माझी रीत सांगते, बऱ्याच जणींनी विचारली आहे. ५०० ग्रॅम कणीक घ्यायची, चाळायची नाही. (आधी कणीक चाळून कोंडा फेकायचा आणि मग डॉक्टरांनी सांगितलं म्हणून औषधांच्या दुकानातून कोंडा विकत आणायचा, हा प्रकार मी स्वतः केलेला आहे!) त्यात ४०० मिलिलिटरच्या आसपास पाणी घालून नुसतं कालवायचं आणि पाऊण तास झाकून ठेवायचं. या वेळात कोंडा मऊ होतो. पाव बिघडण्याची निम्मी कारणं या पाऊण तासात निघून जातात. मग दीड छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, दीड चमचा मीठ, लिंबाएवढा गूळ, दोन मोठे चमचे तेल. कधी भिजवलेले तीळ नाहीतर जवस, कधी रात्री उकळत्या पाण्यात भिजवून ठेवलेला मूठभर दलिया. दलियाने पाव दाताखाली छान लागतो. ज्वारीचं पीठही घालते, पण चार वाट्या कणकेला अर्ध्या वाटीच्या वर नाही, कारण ज्वारीत ग्लुटेन नाही.

दहा मिनिटं मळायचं. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि हाताला चिकटणारं असतं. घाबरून वरून पीठ लावू नये, हात ओला करावा. फुगून दीडपटीच्या पुढे गेलं की डब्याच्या आकाराचं करून तेल लावलेल्या डब्यात ठेवायचं. कडेपर्यंत वर आलं की २०० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं भाजायचं. मे महिन्यात इथे पीठ पाहता पाहता फसफसतं. एकदा मी भिशीला गेले आणि गप्पांत तासभर जास्त बसले. परत येईतो पीठ वर येऊन खाली बसलं होतं आणि घरात आंबूस वास! तेव्हापासून उन्हाळ्यात माठातलं पाणी वापरते आणि यीस्ट कमी करते. भाजून झालं की पाव उलटा करून बुडावर टिचकी मारावी. मडकं घेताना वाजवून बघतो तसा पोकळ आवाज आला की झाला. आणि मग सगळ्यात कठीण काम, दोन तास थांबणं! गरम कापला की आत गिचका लागतो.

एवढं करून पाव निघतो साधारण साडेआठशे ग्रॅमचा. तेवढ्याच आकाराचा दुकानातला ब्रेड चारशे ग्रॅमचा असतो. म्हणजे भाच्याच्या हाताने बरोबर तोललं होतं. फक्त निष्कर्ष चुकला. हे वजन बिघाडाचं नाही. दुकानातल्या ब्रेडमध्ये जिथे हवा आहे, तिथे माझ्या पावात कणीक, कोंडा आणि पाणी आहे.

यावर सल्ले भरपूर मिळतात. निम्मा मैदा घाल. ग्लुटेनची पावडर मिळते ती घाल. साखर वाढव, दूध-पावडर घाल. सल्ले चुकीचे नाहीत, पाव खरंच हलका होतो. मैद्याला माझा विरोधही नाही. गणपतीत आमच्याकडे मैद्याच्या करंज्या होतात आणि मी त्या आवडीने खाते. नातवंडं आली की त्यांच्या वाट्याच्या पावात मीही चार मुठी मैदा मिसळलेला आहे. पण त्यांना तसं सांगून. मैद्याचा पाव खुशाल करावा आणि त्याला मैद्याचा पाव म्हणावं. निम्मा मैदा घालून त्याला पौष्टिक म्हणायचं, तर त्या पाकिटात आणि आपल्यात फरक काय राहिला?

दुसरा प्रश्न मोठ्या जावेने विचारला. "अगं, तीच कणीक, तर पोळ्याच का नाही करत? एवढा खटाटोप कशाला?" प्रश्न रास्त आहे. पाव पोळीपेक्षा श्रेष्ठ आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण माझी मनगटं आता रोज बारा पोळ्या लाटू देत नाहीत. पाव आठवड्यातून एकदा करायचा, कापून फ्रीजमध्ये ठेवायचा. मी घरात नसले तर हे स्वतः उठून दोन तुकडे तव्यावर गरम करतात, उसळ वाढून घेतात आणि जेवतात. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, इतक्या वर्षांत हे प्रथमच घडतं आहे. आता तर पीठही तेच मळतात. माझ्यापेक्षा चांगलं मळतात, हे मात्र त्यांना सांगू नका.

आणि कणकेचा पाव म्हणजे औषध नाही, हेही सांगायला हवं. सुरुवातीला आम्ही 'घरचा आहे, कणकेचा आहे' म्हणून चार चार तुकडे खात होतो. घरच्या यंत्रावर साखर तपासली तर चढलेली! मग एक तुकडा वजनकाट्यावर ठेवला. साठ ग्रॅम भरला, म्हणजे दुकानातल्या जवळजवळ दोन तुकड्यांएवढा. आम्ही आठ तुकडे खात होतो, फक्त मोजत चार होतो. आता दोन तुकडे, सोबत उसळ किंवा अंडं. कोंड्यामुळे आणि चावून खावं लागल्यामुळे तेवढ्याने पोट भरतं. जड पावाचा हा फायदा मला पुस्तकात आधी मिळाला नव्हता, वजनकाट्यावर मिळाला.

पांढरं आणि मऊ तेच चांगलं, हे वेड आपल्यापुरतंच आहे असंही नाही. युरोपात शतकानुशतकं पांढरा पाव श्रीमंतांचा आणि काळा, भरड पाव गरिबांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या, मैदा स्वस्त झाला आणि सगळ्यांनाच पांढरा पाव परवडू लागला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिश सरकारने धान्य पुरवण्यासाठी कोंड्याचा बराच भाग ठेवलेल्या पिठाचा पाव आणला, तर लोकांनी त्याच्या करड्या रंगाला नावं ठेवली.

याच्या आधी, जोहान्सबर्गच्या घरात गांधीजींनी उलटी वाट धरली होती. आत्मकथेत त्यांनी ते लिहिलं आहे. हातजातं विकत आणलं आणि घरी दळलेल्या, न चाळलेल्या पिठाचा बिनयीस्टचा पाव घरीच होऊ लागला. जात्याचं चाक एकट्याला जड जाई, म्हणून दोघं मिळून दळत. त्यांचे स्नेही पोलाक आणि घरातली मुलंसुद्धा. तो पाव केवढा जड झाला असेल, याची मला आता चांगली कल्पना आहे!

आणि लांब कशाला, आपला शेजारी गोवा आहे. पाव हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला. मडगावला भाचीकडे राहिले होते तेव्हा सकाळी सायकलच्या भोंग्याने जाग यायची. पोदेर यायचा, टोपलीत कोंडा लावलेली गोल, पोकळ पोई. पूर्वी ती माडाच्या सुरेवर आंबवत. रंगाने मळकट, हाताला कोंडा लागतो, चावायला थोडी चिवट. तिथल्या लोकांना तिची जराही लाज नाही. उलट दारात उभं राहून ताजी निवडून घेतात. हल्ली तिच्यातही मैदा शिरला आहे, असं भाची म्हणाली. म्हणजे तिथेही तीच लढाई चालू आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते. मी 'निम्मा मैदा घालीन' का म्हटलं?

१९८४ च्या सुमाराची गोष्ट. मी एका तालुक्याच्या गावी पाचवीच्या वर्गाला होते. मधल्या सुट्टीत मुलं वर्गातच डबे खायची. बहुतेकांची पोळीभाजी, दोन-तीन साहेबांच्या मुलांकडे पांढरा ब्रेड आणि जॅम. एक मुलगी फडक्यात बांधून ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी आणायची आणि भिंतीकडे तोंड करून खायची. एकदा शाळा बघायला पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी मी वर्गाला सूचना दिली, "उद्या सगळ्यांनी चांगला डबा आणा. पोळीभाजी आणा, भाकरी नको."

दुसऱ्या दिवशी ती मुलगी डब्याशिवाय बसली होती. विचारलं तर म्हणाली, "भूक नाही बाई." त्यानंतर पुष्कळ दिवस तिला भूक नव्हती. पाहुणे आमच्या वर्गाकडे फिरकलेसुद्धा नाहीत. मला काय झालं ते कळलं होतं. पण मी तिला जवळ बोलावलं नाही, वर्गासमोर काही बोलले नाही. आणि त्या रात्री माझ्या घरी भाकरीच होती. मी स्वतः थापलेली.

'चांगला डबा' हे दोन शब्द मी कुठून आणले होते? कोणी शिकवले नव्हते. पांढरं ते चांगलं, मऊ ते चांगलं, भरड ते लपवायचं, हे हवेतच होतं आणि मी शिक्षिका असून ते पुढे शिकवलं. परवा भाचा हसला तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीचीच बाई माझ्या तोंडून बोलली. फरक एवढाच, की या वेळी भिंतीकडे तोंड करून बसायची पाळी माझी होती.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे साल भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. ज्वारी-बाजरीचे पदार्थ आता झगझगीत पाकिटांतून मिळतात. ती मुलगी आज पन्नाशीची असेल. कुठे आहे ठाऊक नाही. ती पाकिटं बघून तिला काय वाटत असेल? मला तिची माफी मागायची होती, ती राहूनच गेली. निदान माझ्या घरच्या पावाला तरी आता कोणासमोर मैद्याचं पांघरूण घालायचं नाही, एवढं ठरवलं आहे.

काल भाच्याला फोन केला. म्हटलं, "अरे, पुढच्या रविवारी पाव आणते आहे. मैदा घालणार नाही."

तो म्हणाला, "चालेल मावशी. मी सुरीला धार लावून ठेवतो."

तुमच्याकडे कोणी कणकेचा पाव करत असेल तर जरूर लिहा. आणि त्याचं वजन किती भरतं, तेही न लाजता कळवा.